वाचकांची मोजणी : चीनमधील समलिंगी प्रेमकथा, त्यांचे वाचक आणि सरकारी बंदी

बडोद्यात ज्यांचे बालपण गेले त्यांना ग्रंथालयाच्या पुस्तकात शेवटच्या पानावर चिकटवलेला तारखांचा कागद आठवत असेल. पुस्तक घरी नेले की त्यावर शिक्का पडत असे, आणि शिक्क्यांनी भरलेला कागद पाहिला की आपण चांगले पुस्तक उचलले अशी खात्री वाटत असे. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली आणि पेट्यांत पुस्तके भरून ती खेड्यापाड्यांत पाठवली. एखादे पुस्तक किती जणांनी वाचले हा आकडा त्या व्यवस्थेत पुस्तकाचा मान वाढवणारा होता.

या कागदाची आठवण होण्याचे कारण माझी भाची. ती येथेच महाविद्यालयात शिकते आणि गेली तीन-चार वर्षे चिनी कादंबऱ्यांचे इंग्रजी अनुवाद मन लावून वाचते. त्या कादंबऱ्यांचे नायक दोन पुरुष असतात आणि ते एकमेकांवर प्रेम करतात. २०२५ च्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. अशा कथा लिहिणाऱ्या अनेक मुलींना चीनमध्ये पोलिसांनी चौकशीसाठी बोलावले, काहींना अटक केली, अशा बातम्या तिने वाचल्या होत्या. "मावशी, प्रेमकथा लिहिली म्हणून कुणाला तुरुंगात कसं टाकता येईल? तिथे असं प्रेम करणं गुन्हा आहे का?" असे तिने विचारले. यातल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि म्हणूनच पहिल्याचे उत्तर देणे कठीण होते. ते मी तिला जसे समजावले तसेच येथे मांडत आहे.

या साहित्यप्रकाराला चिनी भाषेत 'दानमेइ' म्हणतात. शब्दशः अर्थ सौंदर्यात बुडून जाणे. शब्द जपानमधून आला, प्रकारही प्रथम तेथून आला आणि १९९० च्या दशकात चीनमध्ये रुजला. २००३ मध्ये सुरू झालेले 'जिनजिआंग' हे संकेतस्थळ त्याचे सर्वांत मोठे घर ठरले. तेथे लेखिका रोज एक-एक प्रकरण लिहून टाकतात, वाचक प्रकरणागणिक थोडे पैसे देऊन पुढचे वाचतात, खाली अभिप्राय लिहितात, चुका दाखवतात, पात्रांसाठी भांडतात. एकेक कादंबरी शेकडो प्रकरणांची असते. लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया आहेत, त्यांतही तरुण स्त्रिया.

दोन पुरुषांच्या प्रेमात स्त्रियांना इतका रस का असावा, असे पुष्कळांना वाटते. अभ्यासकांनी याची अनेक उत्तरे दिली आहेत. मला सर्वांत पटणारे उत्तर असे की स्त्री-पुरुषांच्या रूढ प्रेमकथेत लग्न, सासर, मूल, त्याग हे सारे स्त्रीच्या वाट्याला आधीच वाढून ठेवलेले असते, तर या कथांत दोघेही समान बळाचे असतात आणि कोणी कोणासाठी काय सोडायचे हे ठरवून दिलेले नसते, त्यामुळे वाचणाऱ्या स्त्रीला काही काळ स्वतःच्या ठरलेल्या भूमिकेबाहेर उभे राहून प्रेमाकडे पाहता येते. आपल्याला हे फार परके वाटू नये. पुरुष कवीने विरहिणी होऊन बोलणे मराठी कानांना ज्ञानेश्वरांच्या विराण्यांपासून ओळखीचे आहे, आणि स्त्रियांनी आपसांत, कोणाच्या परवानगीवाचून, अंगावरचे ओझे शब्दांत उतरवणे जात्यावरच्या ओव्यांपासून. अर्थात समलिंगी आणि इतर क्वियर, म्हणजे रूढ स्त्री-पुरुष चौकटीत न बसणाऱ्या, वाचकांसाठी या कथांचे मोल वेगळे आणि अधिक थेट आहे. ज्या देशाच्या दूरचित्रवाणीवर आपल्यासारखे माणूस कधी दिसत नाही, तेथे आपल्यासारख्या दोघांना कथेच्या शेवटी सुखाने एकत्र राहताना वाचणे म्हणजे काय, हे त्यांनाच ठाऊक.

आता कायद्याकडे येऊ. चीनमध्ये समलिंगी संबंधांना शिक्षा देण्यासाठी 'गुंडगिरी'चे जे कलम वापरले जात असे ते १९९७ मध्ये रद्द झाले, आणि २००१ मध्ये तेथील मानसोपचार संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले. म्हणजे असे प्रेम गुन्हा नाही आणि आजारही नाही. गुन्हा आहे तो 'अश्लील साहित्य' तयार करून पसरवण्याचा. तेथील फौजदारी संहितेचे कलम ३६३ नफ्यासाठी अश्लील साहित्य निर्माण करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत, प्रकरण गंभीर असल्यास तीन ते दहा वर्षे आणि अतिगंभीर असल्यास दहा वर्षांहून अधिक, अगदी जन्मठेपेपर्यंतही, शिक्षा देते. कलम ३६७ मात्र असेही सांगते की कलामूल्य असलेल्या कृतीत शृंगार आला तरी ती अश्लील ठरत नाही. कागदावर ही सूट उदार आहे. पण कलामूल्य ठरवणार कोण? प्रत्यक्षात पोलिसांनीच नेमलेली तपासणी यंत्रणा मजकूर वाचते आणि निवाडा देते.

यातली गोम एका जुन्या कागदात आहे. १९८८ मध्ये प्रकाशन खात्याने अश्लीलता कशी ओळखावी याचे नियम काढले. त्यांत लैंगिक वर्णनांचे जे प्रकार नोंदवले आहेत, त्यांपैकी एक समलिंगी संबंधांचे तपशीलवार कामुक वर्णन हा असून तो 'इतर लैंगिक विकृतीं'च्या शेजारी बसवला आहे. स्त्री-पुरुषांच्या संबंधांना अशी स्वतंत्र जागा नाही. पुढे गुन्हा गेला, आजार गेला, पण हा शब्द राहून गेला. भेदभाव मुख्य कायद्यात नसून त्याच्या तळटिपेत आहे, आणि तळटीप बदला अशी मागणी घेऊन रस्त्यावर येणे कोणालाही अवघड जाते.

दुसरी गोष्ट मला अधिक अस्वस्थ करणारी वाटते. कृती अश्लील ठरली की गुन्हा किती मोठा हे कशावर ठरते? आकड्यांवर. २००४ मध्ये सर्वोच्च लोक न्यायालय आणि सर्वोच्च लोक अभियोक्ता कार्यालय यांनी इंटरनेटवरील अश्लील मजकुराबाबत जो अर्थनिर्णय दिला, त्यानुसार मजकूर १०,००० वेळा उघडला गेला, किंवा त्यातून १०,००० युआनचे उत्पन्न झाले, की फौजदारी गुन्हा सिद्ध होण्याची पातळी गाठली जाते. त्याच्या पाचपट झाले की प्रकरण गंभीर, आणि पंचवीसपट झाले की अतिगंभीर. तेव्हा चीनमध्ये इंटरनेट वापरणारे दहा कोटींहूनही कमी होते. आज ते एकशे दहा कोटींच्या पुढे आहेत. मधल्या वीस वर्षांत आकडा मात्र तोच राहिला, त्यामुळे आज कोणतीही जरा लोकप्रिय कथा एका आठवड्यात 'गंभीर' होऊ शकते.

हे सांगितल्यावर भाची बराच वेळ गप्प बसली. मग तिने विचारले, "म्हणजे आम्ही जितकं प्रेमानं वाचू, तितकी तिची शिक्षा वाढणार?" मला यापेक्षा नेमक्या शब्दांत ते सांगता आले नसते. त्या व्यवस्थेत वाचक हा लेखिकेविरुद्धचा पुरावा आहे. तारखांच्या कागदावरचा प्रत्येक शिक्का आरोपपत्राला जोडला जातो.

याची सर्वांत गाजलेली घटना २०१८ मधली आहे. 'तिआनयी' या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका लेखिकेने दोन पुरुषांच्या संबंधांवरील कादंबरी स्वतः छापून विकली. सुमारे ७,००० प्रती खपल्या आणि दीड लाख युआन मिळाले. आन्हुई प्रांतातील वुहू येथील न्यायालयाने तिला साडेदहा वर्षांची शिक्षा सुनावली. छापील पुस्तकांसाठीचे प्रतींचे व नफ्याचे मोजमाप १९९८ मध्ये ठरलेले होते आणि न्यायाधीशांनी ते तसेच लावले. चीनमध्येच यावर मोठा संताप उसळला, कारण बलात्काराच्या कित्येक खटल्यांत याहून कितीतरी कमी शिक्षा झाल्याचे लोकांना आठवत होते. त्या कादंबरीतील वर्णने उघड होती आणि अनेक वाचकांना ती आवडण्यासारखी नव्हती, हे मी लपवणार नाही. पण प्रश्न आवडीचा नाही. प्रौढांनी प्रौढांसाठी लिहिलेल्या कल्पित मजकुरासाठी माणसाच्या आयुष्यातील दहा वर्षे घ्यावीत का, हा प्रश्न आहे.

त्यानंतर सावध झालेल्या अनेक लेखिका 'हायतांग' या तैवानमधील संकेतस्थळावर गेल्या. तेथे प्रौढांसाठीच्या लेखनाला मुभा होती आणि संगणक चीनबाहेर होते. पण लिहिणाऱ्या स्वतः चीनमध्येच राहत होत्या, आणि पैसे त्यांच्या चिनी बँक खात्यांतच येत होते. २०२४ मध्ये आन्हुईमधील जीशी या लहानशा तालुक्याच्या पोलिसांनी देशभरातील लेखिकांना पकडण्यास सुरुवात केली. एका लोकप्रिय लेखिकेला वर्षअखेरीस साडेचार वर्षांची शिक्षा झाली. २०२५ मध्ये गान्सू प्रांतातील लानझोऊच्या पोलिसांनी हाच मार्ग धरला. या वेळी बोलावणे आलेल्यांत विशीतल्या मुली होत्या, विद्यार्थिनी होत्या, वर्षानुवर्षे लिहून ज्यांच्या हाती जेमतेम काही हजार युआन आले अशाही होत्या. काहींनी वेइबो या चिनी समाजमाध्यमावर आपला अनुभव लिहिला. पोलीस वर्गापर्यंत आले तेव्हाची लाज, शेकडो किलोमीटरचा प्रवास स्वखर्चाने करून गाठलेले पोलीस ठाणे. त्यांतील पुष्कळ लेख लवकरच नाहीसे झाले.

एका प्रांताच्या पोलिसांना दुसऱ्या टोकाच्या प्रांतातील मुलीला बोलावता येते कसे? इंटरनेटवरचा मजकूर सर्वत्र उघडतो, म्हणून गुन्हा सर्वत्र घडला असे मानता येते. या प्रकाराला चिनी लोकांनीच 'खोल समुद्रातील मासेमारी' असे नाव दिले आहे. आपल्या किनाऱ्यावर मासे उरले नाहीत की बोटी दूरच्या पाण्यात जातात, तसे पैशाची चणचण असलेल्या ठिकाणचे पोलीस दूरच्या उद्योजकांवर आणि आता लेखिकांवर जाळे टाकतात, अशी टीका तेथील वकील आणि पत्रकार करत आले आहेत. दंड वसूल होतो आणि कमाई सरकारजमा होते. कमाई परत केली तर शिक्षा सौम्य होऊ शकते, म्हणून कुटुंबे धावपळ करून पैसे जमवतात. नीतिमत्तेच्या नावाखाली चालणाऱ्या या व्यवहाराचा हिशेबाचा भाग जवळून पाहिल्यावाचून तो पूर्ण समजत नाही.

लेखिकांवरचे खटले हा या बंदीचा सर्वांत कठोर भाग असला, तरी सर्वाधिक लोकांपर्यंत पोहोचणारा भाग पडद्यावरचा आहे. तेथे फौजदारी कायदा लागत नाही, खात्याचे एक पत्रक पुरते. २०१६ च्या फेब्रुवारीत शाळकरी मुलांच्या प्रेमावरची एक अतिशय लोकप्रिय वेबमालिका शेवटचे तीन भाग बाकी असताना उतरवण्यात आली. मालिकांच्या निर्मितीसाठीच्या नव्या नियमांत समलैंगिकता 'असामान्य लैंगिक संबंधां'त मोडते हे त्याच सुमारास लोकांना कळले, आणि २०१७ मध्ये हाच नियम इंटरनेटवरील चित्रफितींना लागू झाला. मग निर्मात्यांनी एक वाट काढली. कादंबरी समलिंगी प्रेमाची घ्यायची आणि पडद्यावर त्याची जिवलग मैत्री करायची. २०१९ मधील 'द अनटेम्ड' ही पन्नास भागांची मालिका अशीच बनली आणि जगभर पाहिली गेली. शब्दांतून काढून टाकलेले प्रेम अभिनेत्यांच्या नजरेत शिल्लक राहिले होते, आणि ते वाचायला प्रेक्षक शिकले. चिनी चाहत्यांनी या पडद्यावरच्या नात्याला 'समाजवादी बंधुभाव' असे नाव दिले. पण २०२१ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय रेडिओ व दूरचित्रवाणी प्रशासनाने पडद्यावरील 'बायकी' पुरुषांवर आणि 'विकृत सौंदर्यदृष्टी'वर बंदी घालणारे पत्रक काढले, अशा रूपांतरांविरुद्धही सूर लावला गेला, आणि चित्रीकरण पूर्ण झालेल्या मालिका कपाटात पडून राहिल्या.

या साऱ्याचा परिणाम सर्वसाधारण लेखिकेवर कसा होतो, ते पाहण्यासाठी पुन्हा जिनजिआंगकडे जावे लागेल. २०१४ च्या 'स्वच्छ इंटरनेट' मोहिमेनंतर त्या संकेतस्थळावर एक नियम रूढ झाला, जो तेथील प्रत्येक वाचकाला पाठ आहे : मानेखालचे काहीही लिहायचे नाही. दानमेइ विभागाचे नाव बदलून 'निर्मळ प्रेम' ठेवले गेले. संगणक आक्षेपार्ह शब्द हेरतो आणि त्यांच्या जागी रिकामे चौकोन उमटवतो. अनेकदा ते शब्द अगदी निरागस असतात, त्यामुळे चांगले वाक्यही दात पडल्यासारखे दिसते. सरकारने संकेतस्थळाला अमुक शब्द गाळा असे प्रत्येक वेळी सांगितलेले नसते. सीमा धूसर ठेवली की पलीकडचा माणूस भीतीने चार पावले अलीकडेच थांबतो, हे ज्याने कोणी ओळखले त्याने बंदीचा खर्च फार कमी केला. लेखिका स्वतःच स्वतःची तपासनीस होते. भाचीने मला एकदा सांगितले होते की तिच्या आवडत्या कादंबरीत दोन नायक एकमेकांचा हात धरायला दोनशे प्रकरणे घेतात. त्या संयमाचे मी मनापासून कौतुक केले होते. आता वाटते, त्यातला किती भाग कलेचा आणि किती भीतीचा, हे त्या लेखिकेलाही सांगता येणार नाही.

वाचकांचा समुदाय या काळात एकजूट राहिला असता, तर ही कथा निदान तेवढ्यापुरती तरी समाधानाची झाली असती. तसे झाले नाही. २०२० च्या फेब्रुवारीत 'द अनटेम्ड'मधील अभिनेता शिआओ झान याच्या काही चाहत्यांना 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या संकेतस्थळावरील एक कथा खटकली, कारण तिच्यात त्याचे चित्रण स्त्रीरूपात केले होते. चाहत्यांनी लिहिलेल्या कथा विनामूल्य जपणारे हे संकेतस्थळ एक ना-नफा संस्था चालवते, आणि २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथांच्या क्षेत्रातील मानाचा ह्युगो पुरस्कार मिळाला होता. त्या चाहत्यांनी २७ फेब्रुवारीला सरकारकडे सामूहिक तक्रारी केल्या आणि २९ फेब्रुवारीला ते संपूर्ण संकेतस्थळ चीनमध्ये बंद झाले. एका कथेवरचा राग लाखो कथांच्या दारावर कुलूप लावून गेला. दुसऱ्याच दिवशी, १ मार्चला, इंटरनेटवरील मजकुराच्या नियमनाचे नवे नियम अमलात यायचे होते, त्यामुळे अधिकारीही तत्पर होते. उलट्या बाजूच्या वाचकांनी मग त्या अभिनेत्याच्या जाहिराती असलेल्या वस्तूंवर बहिष्कार घातला. ज्या मुली एकाच मालिकेवर प्रेम करत होत्या, त्या एकमेकींच्या तक्रारी लिहू लागल्या.

मला या प्रकरणातील हा भाग सर्वांत दुःखद वाटतो. पोलीस आपल्याला बाहेरचे म्हणून ओळखता येतात. तक्रारीची सवय मात्र घरात शिरते, आणि जिच्याशी आपण रात्री दोन वाजेपर्यंत कथेबद्दल बोलत होतो तिच्याजवळ मन मोकळे करायचीच भीती वाटू लागते.

याच समुदायाने धैर्यही दाखवले आहे, हेही नोंदवले पाहिजे. २०१८ च्या एप्रिलमध्ये वेइबोने तीन महिन्यांची सफाई मोहीम जाहीर केली आणि तिच्या यादीत समलिंगी विषयांचाही समावेश केला. हजारो लोकांनी 'मी समलिंगी आहे' असे आपल्या खऱ्या चेहऱ्याने लिहिले, आयांनी आपल्या मुलांसाठी लिहिले, आणि तीनच दिवसांत कंपनीला तो भाग मागे घ्यावा लागला. पुढे असे यश मिळाले नाही. २०२१ च्या जुलैत विद्यापीठांतील एलजीबीटी (समलिंगी, उभयलिंगी व पारलिंगी) विद्यार्थी गटांची वीचॅट या चिनी संदेश-माध्यमावरील खाती एका रात्रीत बंद झाली, आणि २०२३ मध्ये बीजिंगमधील एलजीबीटी केंद्राने काम थांबवले.

वाचकसंख्येला गुन्हा मानणारी दृष्टी चीनपुरती नाही. रशियात दोन लेखिकांनी सोव्हिएत काळातील मुलांच्या उन्हाळी शिबिरात घडणारी दोन मुलग्यांची प्रेमकथा आधी चाहत्यांच्या संकेतस्थळावर लिहिली. २०२१ मध्ये ती छापून आली आणि तिच्या दोन लाखांहून अधिक प्रती खपल्या. तो खपच राजकारण्यांच्या डोळ्यांवर आला. २०२२ च्या डिसेंबरमध्ये 'समलैंगिकतेच्या प्रचारा'वरची बंदी मुलांपुरती न ठेवता सर्व वयांच्या वाचकांसाठी लागू झाली, आणि २०२५ च्या मे महिन्यात प्रकाशनाशी संबंधित कर्मचाऱ्यांना अतिरेकी कारवायांच्या आरोपाखाली ताब्यात घेण्यात आले.

भाचीने अर्थातच विचारले, "आणि आपल्याकडे?" आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, तेव्हा ती शाळेत होती आणि मला तो दिवस चांगला आठवतो. अश्लीलतेचे कलम आपल्याकडेही आहे. पूर्वी ते भारतीय दंडविधानात २९२ होते, आता भारतीय न्याय संहितेत २९४ आहे. मराठीचा त्याच्याशी जुना संबंध आहे. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील एका कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर खटला चालला, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवताना समाजाचे मापदंड झपाट्याने बदलत असल्याची दखल घेतली. आमच्या बडोद्यातही २००७ च्या मे महिन्यात परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांवरून ललित कला शाखेच्या एका विद्यार्थ्याला अटक झाली होती, म्हणून आपण निश्चिंत असावे असे मी तिला सांगितले नाही. एक फरक मात्र मला मोलाचा वाटतो. आपले कलम किती जणांनी वाचले ते मोजून तुरुंगाची वर्षे वाढवत नाही, आणि २०१४ पासून न्यायालय आक्षेपार्ह तुकड्याऐवजी संपूर्ण कृती व तिचा संदर्भ आजच्या समाजाच्या नजरेने पाहण्यास सांगते.

भाचीच्या टेबलावर आता त्या कादंबऱ्यांचे छापील इंग्रजी खंड आहेत. २०२१ च्या अखेरीपासून एक अमेरिकन प्रकाशनसंस्था ते अधिकृतपणे छापते आहे, आणि ते तेथील सर्वाधिक खपाच्या यादीतही आले. त्या मोजणीने कोणाचे नुकसान होत नाही. पण भाची ज्या लेखिकेचे लेखन भाषांतर करणाऱ्या यंत्राच्या मदतीने हायतांगवर वाचत होती, ती तेथून नाहीशी झाली आहे. २०२५ मधील बातम्यांनंतर अनेकींनी आपले लेखन स्वतःच पुसून टाकले, तशी तिनेही ते पुसले असेल. शेवटचे प्रकरण अर्धे होते. भाचीने त्याखाली लिहून ठेवलेला अभिप्रायही त्याबरोबर गेला, आणि तो पुन्हा कोठे लिहावा हे तिला अजून ठरवता आलेले नाही.